जुन्या घरात नवी खोली : वर्डप्रेस आणि गुटेनबर्गची गोष्ट

वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. ज्यांनी ती घेतली त्यांच्या संकेतस्थळावर वाचकांना काहीच फरक दिसला नाही. पण लेख लिहायला आत गेलेल्या माणसाला ओळखीची पांढरी चौकट सापडेना. तिच्या जागी ‘गुटेनबर्ग’ नावाचे नवे लेखनयंत्र होते. परिच्छेद, चित्र, मथळा, अवतरण असा प्रत्येक तुकडा वेगळा, हवा तसा वर-खाली सरकवता येणारा. कुणाला ते आवडले, कुणी संतापले. जगातील सुमारे एक तृतीयांश संकेतस्थळे तेव्हा वर्डप्रेसवर चालत होती, त्यामुळे हा संताप गल्लीतला नव्हता.

संगणकाच्या भाषेत सांगायचे तर, पीएचपीमध्ये लिहिलेल्या पंधरा वर्षांच्या जुन्या घरात जावास्क्रिप्टचे एक आधुनिक अ‍ॅप बसवले गेले होते. हे काम रोज कुठे ना कुठे चालू असते. शाळेच्या संकेतस्थळावर प्रवेशाचा नवा अर्ज येतो, ट्रस्टच्या पानावर देणगीची नवी खिडकी येते, वाचनालयाच्या यादीला नवा शोध जोडला जातो. आपल्या समाजातल्या संस्थाही आता याच टप्प्यावर आहेत. म्हणून गुटेनबर्गचा हा छोटासा इतिहास नीट पाहण्यासारखा आहे. त्यात काय टिकले, काय मोडले आणि मोडले तेव्हा किंमत कोणी मोजली, हे सारे नोंदलेले आहे.

पान आणि अ‍ॅप

जुन्या पद्धतीचे संकेतस्थळ म्हणजे पानांचा गठ्ठा. वाचक एक पान मागतो, सर्व्हर ते तयार करून पाठवतो. दुवा दाबला की दुसरे पान. वर्डप्रेस २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले, तेही याच पद्धतीचे. ते सुद्धा कोऱ्या जमिनीवर बांधलेले नव्हते. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेल्या ‘बी-टू’ नावाच्या प्रणालीचे काम थंडावले होते, तिचाच खुला कोड घेऊन या दोघांनी पुढे नेला.

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरसाठी ब्रेंडन आइक यांनी तयार केली. पहिली काही वर्षे तिच्याकडे किरकोळ कामे होती: अर्जातली रिकामी जागा दाखव, चित्र बदल. २००५ च्या सुमारास चित्र पालटले. पूर्ण पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलता येते, हे गूगलच्या नकाशांनी आणि जीमेलने लोकांना दाखवले. या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव त्याच वर्षी मिळाले. २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली आणि साध्या कारागिरालाही हे काम सोपे झाले.

नव्या आणि जुन्याचा पहिला झगडा तिथेच झाला, तोही एका चिन्हावरून. जेक्वेरी आपल्या मुख्य आज्ञेसाठी डॉलरचे चिन्ह वापरते. पण ‘प्रोटोटाइप’ नावाची जुनी लायब्ररी तेच चिन्ह आधीपासून वापरत होती. दोन्ही एकाच पानावर आल्या की एक दुसरीच्या डोक्यावर बसे. यावर जेक्वेरीने ‘नो-कॉन्फ्लिक्ट’ नावाची सोय दिली: मी चिन्ह सोडते, मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारा. वर्डप्रेसने जेक्वेरी घेतली ती याच सोयीसह. आजही वर्डप्रेसमध्ये नवशिक्या विकसकाला पहिली ठेच लागते ती बहुधा या डॉलरची. पाहुण्याने यजमानाच्या घरात आपली पाटी लावू नये, इतका साधा तो नियम आहे.

हा नियम पुढे भाषेलाच पाळावा लागला. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ नावाची नवी आज्ञा येणार होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि काही जुनी संकेतस्थळे मोडली. मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने त्याच नावाची आज्ञा स्वतःहून बसवून ठेवली होती, आणि त्या लायब्ररीवरची पाने अजून जिवंत होती. जुन्यांना मोडू द्या, असे म्हणणारेही होते. शेवटी भाषेच्या समितीने नव्या आज्ञेचे नाव बदलून ‘फ्लॅट’ केले. कुणाचे तरी विसरलेले पान मोडू नये म्हणून साऱ्या जगाच्या भाषेने आपला शब्द बदलला. वेबचा हा अलिखित करार आहे आणि तो फार मोलाचा आहे.

जुन्यातच जन्मलेले नवे

रिअ‍ॅक्ट हे नाव आज आधुनिक जावास्क्रिप्टचा जणू समानार्थी शब्द झाले आहे. रिअ‍ॅक्ट म्हणजे सगळे नव्याने बांधायचे, असा समज त्यातून झालेला दिसतो. त्याचा इतिहास नेमका उलटा आहे.

फेसबुक हे मुळात पीएचपीचे प्रचंड जुने घर. जॉर्डन वॉक या अभियंत्याने रिअ‍ॅक्ट तयार केले ते त्याच घरात, आणि त्याची प्रेरणा फेसबुकमध्ये पीएचपीसाठीच वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सएचपी’ या पद्धतीतून आली. २०११ मध्ये फेसबुकच्या न्यूज फीडमध्ये त्याचा वापर सुरू झाला, २०१२ मध्ये इन्स्टाग्रामच्या वेब आवृत्तीत. मे २०१३ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे सगळे फेसबुक पाडून रिअ‍ॅक्टमध्ये बांधले असे झाले नाही. चालत्या पानातला एक कोपरा निवडला, तो रिअ‍ॅक्टच्या ताब्यात दिला, बाकीचे पान जसेच्या तसे ठेवले.

आजही एखाद्या जुन्या संकेतस्थळात रिअ‍ॅक्ट बसवण्याची मूळ रीत हीच आहे. पानात एक रिकामी चौकट ठेवायची, तिला ओळखीचे नाव द्यायचे. पान उघडले की जावास्क्रिप्ट ती चौकट शोधते आणि तेवढ्याच जागेत आपला संसार मांडते. चौकटीच्या बाहेर हात लावायचा नाही. २०१४ मध्ये इव्हान यू यांनी आणलेले ‘व्ह्यू’ तर स्वतःची ओळखच अशी सांगते की मला हवे तेवढेच घ्या, थोडे थोडे घ्या.

वर्डप्रेसचा गृहपाठ

डिसेंबर २०१५ मध्ये वार्षिक भाषणात मुलेनवेग यांनी आपल्या विकसकांना गृहपाठ दिला: जावास्क्रिप्ट शिका, आणि वरवर नको, खोलात शिका. पीएचपीवर पोट भरणाऱ्या हजारो लोकांना हा धक्का होता. पण दिशा ठरली होती.

जावास्क्रिप्टच्या अ‍ॅपला जुन्या घरातून सामान आणायचे तर दार हवे. वर्डप्रेसमध्ये ते दार ‘रेस्ट एपीआय’ या नावाने आले. पाया डिसेंबर २०१५ च्या ४.४ आवृत्तीत घातला गेला आणि लेख वाचण्या-बदलण्याची सोय डिसेंबर २०१६ च्या ४.७ मध्ये मिळाली. दार उघडले आणि महिन्या-दीड महिन्यात त्याच्या कडीत दोष सापडला. कोणीही, ओळख न देता, दुसऱ्याचा लेख बदलू शकत होता. जानेवारी २०१७ च्या अखेरीस दुरुस्त आवृत्ती निघाली. लोकांना ती घ्यायला वेळ मिळावा म्हणून दोषाचा तपशील आठवडाभर जाहीर केला नाही. तरी ज्यांनी आवृत्ती घेतली नाही त्यांची लाखो पाने नंतरच्या दिवसांत विद्रूप केली गेली. नवे अ‍ॅप जोडताना लोक रंगरूपाची चर्चा करतात, पण जोडणीची खरी जोखीम या दारात असते.

दुसरी अडचण कायद्याची होती. रिअ‍ॅक्टच्या परवान्यात पेटंटविषयी एक कलम होते. पेटंटवरून फेसबुकवर दावा केलात तर त्यांच्या पेटंटविषयी तुम्हाला मिळालेली मुभा जाईल, असा त्याचा आशय. सप्टेंबर २०१७ मध्ये मुलेनवेग यांनी जाहीर केले की वर्डप्रेस रिअ‍ॅक्ट सोडणार. काम बरेच पुढे गेलेले असूनही हा निर्णय झाला. जेमतेम आठवडाभरात फेसबुकने परवाना बदलून साधा एमआयटी परवाना दिला आणि रिअ‍ॅक्ट राहिले. पण वर्डप्रेसने रिअ‍ॅक्टवर आपल्या नावाचा एक पातळ थर चढवला आणि प्लगइन लिहिणाऱ्यांना त्या थराशी बोलायला सांगितले. उद्या आतले यंत्र बदलायची पाळी आली तर बाहेरच्यांची मोडतोड कमी व्हावी, हा त्यामागचा विचार.

सांधा कसा जुळवला

गुटेनबर्गवर टीका पुष्कळ झाली, पण त्याच्या सांध्यातल्या तीन गोष्टी शहाणपणाच्या होत्या.

पहिली गोष्ट मजकुराची. नवे अ‍ॅप लेखाचे तुकडे करते, तर ते तुकडे ठेवायचे कुठे? वेगळी तिजोरी करता आली असती, जिची किल्ली फक्त अ‍ॅपजवळ. तसे केले नाही. लेख पूर्वीच्याच तक्त्यात, पूर्वीच्याच रकान्यात, साध्या एचटीएमएलमध्ये राहिला. कोणता तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याच्या खुणा एचटीएमएलच्या टिप्पण्यांत लिहिल्या. अशी टिप्पणी ब्राउझर वाचकाला दाखवत नाही. म्हणून उद्या गुटेनबर्ग बंद केले तरी लेख वाचता येतो. त्या काळात पान सजवणारी काही प्लगइन अशी होती की ती काढली की लेखभर चौकटी कंसांतल्या आज्ञांचा चिखल उरे. मजकूर लेखकाचा, पण किल्ली दुसऱ्याची, अशी ती अवस्था होती.

दुसरी गोष्ट जुन्या लेखांची. त्यांचे जबरदस्तीने धर्मांतर झाले नाही. जुना लेख उघडला की तो अखंड एकाच ‘क्लासिक’ तुकड्यात दिसे. मालकाला वाटले तर त्याने तो नव्या तुकड्यांत बदलावा, नाही तर राहू द्यावा.

तिसरी गोष्ट इतरांच्या चौकटींची. जुन्या संपादकाखाली अनेक प्लगइनच्या आपापल्या चौकटी असत: कार्यक्रमाची तारीख, वस्तूची किंमत, शोधयंत्रासाठीचा सारांश. या सगळ्या पीएचपीच्या, आणि सगळे पान एकच अर्ज मानून लिहिलेल्या. नवे अ‍ॅप तर रेस्टच्या दाराने जाणारे. मग असा तोडगा निघाला: लेख नव्या दाराने जाईल आणि जुन्या चौकटींचा अर्ज त्याच वेळी मागच्या जुन्या दाराने. बटण एक, फेऱ्या दोन. दिसायला हे गबाळे वाटते, पण त्यामुळे हजारो जुनी प्लगइन एका रात्रीत निकामी झाली नाहीत.

या तिन्हींच्या जोडीला परतीचा रस्ता ठेवला होता. ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन बसवले की जुनी पांढरी चौकट परत मिळे. आधी २०२१ च्या अखेरपर्यंत त्याला आधार देऊ असे सांगितले होते, पुढे ती मुदत वाढवावी लागली. ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांनी ते वापरले. काहींना तेवढेही पुरले नाही, त्यांनी ‘क्लासिकप्रेस’ नावाने वेगळी चूल मांडली. परवाना खुला होता म्हणून तेही शक्य झाले.

ज्यांना शेवटी विचारले गेले

आता दुसरी बाजू. गुटेनबर्गचा मुहूर्त आधी १९ नोव्हेंबर २०१८ चा होता, तो पुढे गेला. जानेवारीपर्यंत थांबा, असे अनेक जाणते लोक सांगत होते. तरीही अमेरिकेतल्या वार्षिक संमेलनाच्या अगदी आदल्या दिवशी आवृत्ती बाहेर काढली गेली.

घाईची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. अंध व्यक्ती संगणक वापरते तेव्हा पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मदतीला असते. माउसऐवजी कळफलकावरच सारे चालते. जुन्या साध्या अर्जात हे सहज जमे. रकान्याला नाव असते, टॅबची कळ दाबली की पुढचा रकाना. जावास्क्रिप्टच्या अ‍ॅपमध्ये तुकडे सतत येतात-जातात, बटणे माउस नेल्यावर उगवतात. आपण नेमके कुठे आहोत हे त्या वाचकाला कोणी मुद्दाम सांगितले तरच कळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी राजीनामा दिला आणि कारणे उघडपणे लिहिली. पीएचपी जाणणारे, वर्षानुवर्षे हे काम करणारे स्वयंसेवक रिअ‍ॅक्टच्या कोडपुढे थबकले होते, आणि रिअ‍ॅक्ट व सुगम्यता दोन्ही जाणणारी माणसे मिळत नव्हती. पुढे उच्च शिक्षणसंस्थांत वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या ‘डब्ल्यूपीकॅम्पस’ या संघटनेने लोकवर्गणीतून स्वतंत्र तपासणी करून घेतली. तिचा अहवाल मे २०१९ मध्ये आला आणि त्यातले दोष एकेक करून दुरुस्तीच्या यादीत गेले. म्हणजे तपासणी झाली ती घर लोकांना राहायला दिल्यानंतर.

भाषेचेही तसेच. पीएचपीतला वर्डप्रेस मराठीत, उर्दूत, अरबीत दिसतो तो सर्व्हरवर ठेवलेल्या अनुवादाच्या फायलींमुळे. पण जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते, तिला त्या फायली जशाच्या तशा वाचता येत नाहीत. जावास्क्रिप्टमधल्या शब्दांच्या अनुवादाची नवी व्यवस्था ५.० मध्येच आणावी लागली. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्यांना आणखी एक फेरा असतो. पीएचपीच्या पानात दिशा एकदा सांगितली की बहुतेक मांडणी आपोआप उलटते. पण अ‍ॅप लिहिणाऱ्याने ‘डावीकडून दहा बिंदू’ असे कोडमध्ये कोरून ठेवले असेल, तर उर्दूच्या पानावर बटण भलत्याच टोकाला जाऊन बसते.

नस्तालीकने शिकवलेले

या लेखनयंत्राला छपाईच्या जनकाचे नाव दिले आहे. उर्दूच्या वाचकाला त्या नावावरून दुसरा इतिहास आठवेल. सुट्या खिळ्यांची छपाई नस्तालीकला मानवली नाही. शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलणारी, उतरत्या ओळीने येणारी ती लिपी शिशाच्या चौकोनी खिळ्यांत मावेना. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आला तेव्हा मात्र हिंदुस्थानात उर्दू छपाईला बहर आला, कारण त्यात कातिबाचा हात तसाच राहिला. तो लिहीत गेला आणि दगडावरून प्रती निघत गेल्या. १८५८ मध्ये लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी सुरू केलेला छापखाना त्या बहराचे मोठे उदाहरण आहे. जे नवे तंत्र जुन्या हाताला जागा देते, ते रुजते.

पण याच इतिहासाला पुढचा, कडू भागही आहे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आले आणि लाहोरच्या ‘जंग’ने ते वापरले. १९९४ मध्ये इनपेज आले आणि उर्दू छपाई टेबलावरच्या संगणकावर उतरली. सोय मोठी होती, पण त्या काळच्या इनपेजमधला मजकूर त्याच्या स्वतःच्या सांकेतिक रचनेत बंद राही. वेबवर तो थेट दाखवता येईना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रांची संकेतस्थळे कित्येक वर्षे मजकुराची चित्रे लावत होती. चित्रात शोध घेता येत नाही, अंध वाचकाला ते ऐकू येत नाही. मराठीतही युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटमध्ये टंकलेल्या मजकुराचे तेच झाले. फाँट नसेल त्या संगणकावर नुसती निरर्थक अक्षरे दिसत. हाती संगणकीय फाइल असूनही पुस्तक पुन्हा टंकण्याची पाळी अनेकांवर आली.

म्हणून गुटेनबर्गने मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये ठेवला, ही तांत्रिक बारीकी म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. आपण दोन भाषांत एकदा तो फटका खाल्लेला आहे.

आपल्यापुरते

आपल्याकडे शिक्षणसंस्था, वाचनालये, मासिके, ट्रस्ट यांची संकेतस्थळे आता दहा-पंधरा वर्षांची झाली. ‘हे जुने झाले, सगळे नव्या अ‍ॅपमध्ये करून देतो,’ असे सांगणारे लोक येतात. त्यांना दारातून परत पाठवण्याचे कारण नाही. नव्या अर्जाने, नव्या शोधाने वाचकांची खरोखर सोय होते. पण वक्फचा मुतवल्ली जसा मालमत्तेचा मालक नसतो, राखणदार असतो, तसेच संस्थेच्या संकेतस्थळाचे आहे. त्याने खोली वाढवावी. मात्र वाकिफाने ज्यासाठी वक्फ केले तो हेतू बुजू देऊ नये. संकेतस्थळाचा हेतू म्हणजे मजकूर वाचकापर्यंत पोहोचणे.

तेव्हा सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हे अ‍ॅप उद्या काढून टाकले तर आमचा मजकूर वाचता येईल का? जुने दुवे चालू राहतील का, की लोकांनी जपून ठेवलेले पत्ते मोडतील? सगळे एकदम बदलण्याऐवजी एकाच पानापासून सुरुवात करता येईल का? अडले तर परत जायचा रस्ता कोणता? सर्व्हरकडे उघडणाऱ्या नव्या दाराची कडी कोण तपासणार, आणि पुढच्या वर्षी कोण तपासणार? मराठी, उर्दू आणि कळफलकावर चालणारा अंध वाचक यांच्यासमोर ते मांडून पाहिले आहे का? स्वस्त मोबाइलवर, कमी नेटवर्कमध्ये ते उघडायला किती वेळ लागतो?

यातला एकही प्रश्न विचारायला जावास्क्रिप्ट यावी लागत नाही. गुटेनबर्गच्या बाबतीत पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आधी तयार होती, म्हणून एवढा मोठा बदल जगाने पचवला. अंध वाचकाचा प्रश्न मात्र मागे राहिला आणि तिथेच माणसे दुखावली. आपल्या संस्थांनी तो आधी विचारावा.